रिकामा पट्टा कुठेच नसतो: ब्रॉडबँडसाठी स्पेक्ट्रमची जागा कशी केली जाते

मोबाइलचं इंटरनेट रखडलं की आपण टॉवरला बोल लावतो. टॉवर वाढवून काही काळ भागतंही. पण एका टप्प्यानंतर प्रत्येक कंपनी सरकारकडे एकच मागणी करते: आणखी स्पेक्ट्रम द्या. सरकारची अडचण अशी की उचलून द्यावा असा मोकळा स्पेक्ट्रम कुठे पडलेलाच नसतो. मोबाइलच्या कामाच्या जवळजवळ प्रत्येक पट्ट्यात आधीपासून कोणी ना कोणी बसलेलं असतं. कुठे टीव्ही, कुठे पोलिसांचे वायरलेस, कुठे उपग्रह, कुठे लष्कराची रडार, तर कुठे आपलंच जुनं २जी नेटवर्क. म्हणून स्पेक्ट्रमचं नियमन हा विषय मला तंत्रज्ञानाचा जितका वाटतो तितकाच पुनर्वसनाचा वाटतो. बातम्यांत लिलावाचे आकडे येतात. कोणाला कुठून उठवलं, तो कुठे गेला आणि त्याचा खर्च कोणी सोसला, हे फारसं येत नाही. या लेखात मुख्यतः तेच सांगायचं आहे.

आधी एका शब्दाचा घोळ दूर करू. मराठी वर्तमानपत्रांत अनेकदा 'ध्वनिलहरींचा लिलाव' असं छापून येतं. ध्वनीशी याचा संबंध नाही. ध्वनिलहरींना पुढे सरकायला हवा, पाणी असं काही माध्यम लागतं. आपला विषय रेडिओलहरींचा आहे. त्या प्रकाशाच्याच जातीच्या विद्युतचुंबकीय लहरी असून त्यांना हवाही लागत नाही. एका सेकंदात लहर किती वेळा कंप पावते ती तिची वारंवारता. ९०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ९० कोटी कंपनं. रेडिओसाठी वापरता येणाऱ्या अशा सगळ्या वारंवारतांची जी लांबलचक पट्टी, ती स्पेक्ट्रम. ती खोदून वाढवता येत नाही आणि वापरल्याने झिजतही नाही. दोघांनी एकाच जागी, एकाच वेळी, एकाच वारंवारतेवर बोलायचं ठरवलं तर मात्र दोघांचंही बोलणं बिघडतं. नियमनाची सगळी गरज इथून उगवते.

या पट्टीचा प्रत्येक भाग सारख्या मोलाचा नाही. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटिमीटर लांब असते, ३५०० मेगाहर्ट्झची साधारण साडेआठ. लांब लहर भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरते आणि दूर जाते. कमी टॉवरमध्ये मोठा मुलूख झाकायचा असेल, तर १००० मेगाहर्ट्झच्या खालचे पट्टे सोन्यासारखे. पण तिथे जागा अरुंद आहे. वर गेलात तर रुंद जागा मिळते, पण लहर लवकर थकते आणि टॉवर जवळजवळ उभारावे लागतात.

रुंदी इतकी महत्त्वाची का? अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये गणिताने दाखवून दिलं की एखाद्या वाटेने दर सेकंदाला जास्तीत जास्त किती माहिती पाठवता येईल याला मर्यादा आहे. ती मर्यादा पट्ट्याच्या रुंदीच्या प्रमाणात वाढते. सिग्नलची ताकद वाढवूनही फायदा होतो, पण तो लवकरच तुटपुंजा होत जातो. खरा वेग हवा तर रुंद पट्टा हवा. आता जुनी मांडणी पाहा. पोलिसांच्या किंवा कारखान्यातल्या वायरलेसला एका संभाषणासाठी १२.५ किंवा २५ किलोहर्ट्झ पुरतात. २जीच्या जीएसएम तंत्रात एक वाहिनी २०० किलोहर्ट्झची, त्यात आळीपाळीने आठ जणांचं बोलणं. ३जीला एकदम ५ मेगाहर्ट्झ लागले. ४जीची एक वाहिनी २० मेगाहर्ट्झपर्यंत जाते आणि ५जीची, मधल्या पट्ट्यांत, १०० मेगाहर्ट्झपर्यंत. ४जीच्या एका पूर्ण रुंद वाहिनीच्या जागेत २जीच्या १०० वाहिन्या मावतात.

आणि ही जागा सलग मिळाली तरच तिचा पुरता उपयोग. चार ठिकाणी मिळून २० मेगाहर्ट्झ असले तर तुकडे जोडण्याची तंत्रं आहेत, पण त्यांत फोनवरचा भार वाढतो. तुकडा फारच छोटा असेल तर तोही इलाज चालत नाही. विखुरलेल्या जमिनीचे तुकडे अदलाबदल करून सलग गट करतात, तसंच इथे करावं लागतं. फरक एवढाच की इथल्या 'जमिनीवर' चालू यंत्रणा उभ्या असतात आणि त्या एक दिवसही बंद ठेवता येत नाहीत.

नकाशा कोण आखतं

रेडिओलहरी सीमा ओळखत नाहीत, त्यामुळे पहिला नकाशा जगाने मिळून आखायचा असतो. पहिला आंतरराष्ट्रीय रेडिओतार करार १९०६ मध्ये बर्लिनला झाला. १८६५ पासून चालत आलेली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना, म्हणजे आयटीयू, आज हे काम पाहते. साधारण दर तीन-चार वर्षांनी तिची जागतिक रेडिओ परिषद भरते आणि कुठला पट्टा कुठल्या प्रकारच्या सेवेसाठी, हे ठरतं. जगाचे तीन विभाग केले आहेत आणि विभागाविभागांत फरक असू शकतो. त्या चौकटीत राहून प्रत्येक देशाचा नियामक आपल्याकडचे परवाने देतो.

एखाद्या देशाने सगळ्यांपेक्षा वेगळा पट्टा निवडायचं ठरवलं तर? कागदावर ते शक्य असतं, पण फोन कुठून आणायचे? फोनमधले अँटेना आणि फिल्टर (नको त्या वारंवारता गाळणारे भाग) ठरावीक पट्ट्यांसाठी घडवलेले असतात. मोठ्या बाजारांत न चालणाऱ्या पट्ट्यासाठी कोणी स्वस्त फोन बनवत नाही. युरोपने हे फार आधी ओळखलं. १९८७ मध्ये तिथे निर्देश निघाला की ९०० मेगाहर्ट्झचा ठरलेला भाग सगळ्या सदस्य देशांनी जीएसएमसाठीच राखून ठेवावा. त्या एका निर्णयाने एकच फोन देशोदेशी चालू लागला आणि जीएसएम जगभर पसरलं. पण ज्या 'जीएसएमच' या शब्दाने हे घडवलं, तोच पुढे पायातला खोडा झाला. त्या उत्तम पट्ट्यात ३जी आणायचं म्हटलं तर कायदा आडवा यायचा. अखेर २००९ मध्ये निर्देश बदलला आणि पट्टा नव्या तंत्रांना खुला झाला. आज बहुतेक नियामक परवान्यात तंत्राचं नाव घालत नाहीत. शेजाऱ्याला त्रास होणार नाही अशा तांत्रिक मर्यादा लिहितात आणि आत काय चालवायचं ते परवानाधारकावर सोडतात. जुन्या तंत्राने व्यापलेली जागा नव्या तंत्राला देण्याला या क्षेत्रात 'रिफार्मिंग' म्हणतात. तंत्रनिरपेक्ष परवाना असेल तर कंपनी ते आपल्या घरातल्या घरात करू शकते.

परवाना कोणाला द्यायचा, याच्या पद्धती बदलत गेल्या. आधी अर्जदारांची गुणवत्ता जोखणाऱ्या सुनावण्या चालत. त्या वर्षानुवर्षं लांबत. मग अमेरिकेने १९८० च्या दशकात सोडत काढून पाहिली. ज्यांना मोबाइल सेवा चालवायचीच नव्हती असे लोकही अर्ज भरू लागले, परवाना लागला की विकून मोकळे. १९९० च्या सुमारास न्यूझीलंडने लिलाव केला, पण नियम असा होता की जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच पैसे भरायचे, आणि किमान किंमत ठेवलेलीच नव्हती. एका परवान्यासाठी १ लाख डॉलरची बोली लावणाऱ्याला प्रत्यक्षात ६ डॉलर भरावे लागले. १९९४ मध्ये अमेरिकेने अनेक फेऱ्यांचा, एकाच वेळी अनेक परवान्यांचा लिलाव सुरू केला आणि तीच पद्धत थोड्याफार फरकाने जगभर गेली. ती घडवणाऱ्यांपैकी पॉल मिलग्रॉम आणि रॉबर्ट विल्सन यांना २०२० चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

लिलाव चांगला की वाईट हा वाद मला फारसा फलदायी वाटत नाही. खरा प्रश्न किमतीचा आणि अटींचा असतो. भारताने २०१६ मध्ये ७०० मेगाहर्ट्झची राखीव, म्हणजे किमान, किंमत देशभरासाठी दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये ठेवली. एकही बोली आली नाही. २०२१ मध्ये किंमत उतरवली तरी कोणी घेतला नाही. ती आणखी खाली, ३,९२७ कोटींवर आणली तेव्हा २०२२ मध्ये त्यातला काही भाग विकला गेला. खनिज जमिनीत राहिलं तर ते उद्या काढता येतं. स्पेक्ट्रमचं तसं नाही. त्या सहा वर्षांत न वापरलेल्या लहरी कुठे साठून राहिल्या नाहीत. त्या सेवेला लोक तेवढा काळ मुकले, इतकंच. याउलट अटींचं चांगलं उदाहरण जर्मनीचं. २०१० मध्ये टीव्हीकडून मोकळा झालेला ८०० मेगाहर्ट्झचा पट्टा लिलावात काढताना तिथल्या नियामकाने टप्पे आखून दिले: आधी ५,००० पेक्षा कमी वस्तीची, ब्रॉडबँड नसलेली गावं, मग त्याहून मोठी, आणि शहरं शेवटी. एरवी कंपन्या नेमक्या उलट्या क्रमाने गेल्या असत्या.

बसलेल्याला उठवताना

आता मुख्य गोष्टीकडे. मला सर्वांत शिकवणारा वाटतो तो अमेरिकेतला ८०० मेगाहर्ट्झचा अनुभव. तिथे पोलीस आणि अग्निशमन दलाच्या वायरलेस वाहिन्या आणि नेक्सटेल या मोबाइल कंपनीच्या वाहिन्या एकमेकींत मिसळलेल्या होत्या, विणकामातल्या दोन रंगांच्या धाग्यांसारख्या. नियम आखले तेव्हा दोन्हीकडे दूरवर पोहोचणारे मोजके उंच टॉवर होते, त्यामुळे निभत होतं. नेक्सटेलने मोबाइल नेटवर्कसारखे जवळजवळ, ठेंगणे टॉवर उभारल्यावर चित्र पालटलं. पोलिसाचा स्वतःचा टॉवर अनेक किलोमीटरवर आणि नेक्सटेलचा कोपऱ्यावर. शेजारचा आवाज इतका मोठा की दुरून येणारी हाक ऐकूच येईना. कोणीही नियम मोडला नव्हता, तरी वायरलेस मुके पडत होते.

तिथला नियामक, म्हणजे एफसीसी, याने २००४ मध्ये आदेश काढला: दोघांना पट्ट्याच्या वेगळ्या भागांत हलवा. सगळ्यांच्या स्थलांतराचा खर्च नेक्सटेलने करायचा आणि त्या बदल्यात तिला १९०० मेगाहर्ट्झच्या भागात १० मेगाहर्ट्झ मिळतील. मुदत ठेवली ३६ महिने. काम संपलं २०२१ मध्ये.

सतरा वर्षं का लागली? हलवायच्या परवानाधारकांची संख्या २,१०० हून जास्त होती आणि प्रत्येकाकडे हजारो संच असू शकत होते. प्रत्येक संच हातात घेऊन त्यात नव्या वाहिन्या भरायच्या. जुना असेल तर बदलायचा. त्यातही आग विझवायला शेजारच्या गावाचं पथक धावून येतं, तर त्यांच्या संचांतही त्याच वेळी बदल झालेला हवा, नाहीतर ऐन आगीत दोन पथकांना एकमेकांशी बोलता येणार नाही. सीमेलगतच्या भागांत तर मेक्सिकोशी नवा करार होईपर्यंत थांबावं लागलं आणि तो झाला २०१२ मध्ये. यातली कुठलीच गोष्ट लहरींच्या भौतिकशास्त्राची नाही. सगळी माणसांच्या कामाची आहे, आणि वेळापत्रक आखताना नेमकी तीच नजरेतून सुटते.

टीव्ही हलवण्याचं काम त्या मानाने नीट झालं. ॲनालॉग टीव्हीला एका वाहिनीसाठी ६ ते ८ मेगाहर्ट्झ लागत. डिजिटलमध्ये तेवढ्याच जागेत अनेक कार्यक्रम बसतात. बऱ्याच देशांत अशी मोकळी झालेली जागा ४जीला मिळाली. अमेरिकेने पुढचं पाऊल टाकलं ते २०१६-१७ मध्ये. दोन बाजूंचा लिलाव केला: टीव्ही केंद्रांनी सांगायचं की किती पैसे मिळाले तर जागा सोडू, आणि मोबाइल कंपन्यांनी सांगायचं की किती देऊन घेऊ. ८४ मेगाहर्ट्झ मोकळे झाले. जमलेल्या सुमारे १९.८ अब्ज डॉलरपैकी १० अब्जांहून थोडे जास्त जागा सोडणाऱ्या १७५ केंद्रांना गेले. उरलेल्यांपैकी ९८७ केंद्रांना आपली वाहिनी बदलून दाटीवाटीने बसावं लागलं. त्यासाठी दहा टप्पे आणि ३९ महिने ठरले होते, आणि ते २०२० मध्ये वेळेत संपलं. उठणाऱ्याला मोबदला मिळाला, वाहिनी बदलणाऱ्यांच्या खर्चासाठी निधी बाजूला काढला, आणि कोणी कोणाच्या आधी हलायचं याचा क्रम संगणकाने आधीच काढून ठेवला होता. खेडोपाडीच्या छोट्या पुनःप्रक्षेपण केंद्रांना आणि बिनतारी माइक वापरणाऱ्या नाटकमंडळींना मात्र इतकी सोय मिळाली नाही. त्यांचे परवाने दुय्यम दर्जाचे होते, काहींकडे तर परवानाच नव्हता. पुनर्वसनात सातबारावर नाव नसलेल्याचं जे होतं तेच.

तिसरी तऱ्हा सक्ती कमी आणि बोलणी जास्त, अशी. अमेरिकेतच ९०० मेगाहर्ट्झच्या एका छोट्या पट्ट्यात १२.५ किलोहर्ट्झच्या ३९९ अरुंद वाहिन्या होत्या. वापरणाऱ्या वीज कंपन्या, रेल्वे आणि मोठे कारखाने. मे २०२० मध्ये एफसीसीने त्यातला मधला भाग, जाण्यासाठी ३ आणि येण्यासाठी ३ मेगाहर्ट्झ, ब्रॉडबँडला खुला केला. अट अशी: ज्याला ब्रॉडबँड परवाना हवा त्याने त्या जिल्ह्यातल्या जुन्या परवानाधारकांशी स्वतः करार करायचे, निदान ९० टक्के वाहिन्यांचा प्रश्न सोडवून दाखवायचा, आणि मगच अर्ज करायचा. उरलेल्या थोड्यांना सक्तीने हलवता येतं, पण खर्च अर्जदाराचा. ४५ किंवा अधिक ठिकाणी पसरलेल्या गुंतागुंतीच्या यंत्रणांना तर सक्तीतूनही वगळलं आहे. वाटाघाटींत एकटा अडून बसणारा सगळ्यांना वेठीस धरतो, आणि सरसकट सक्ती केली तर दुबळा चिरडला जातो. ९० टक्क्यांचा हा उंबरठा त्या दोन्हींच्या मधली जागा शोधतो. ३ मेगाहर्ट्झ म्हणजे चित्रपट पाहण्याजोगं ब्रॉडबँड नव्हे; पण विजेचे मीटर, उपकेंद्रं आणि तुटलेल्या तारांची खबर यांसाठी ते भरपूर आहे.

शेजारी कोण आहे, तेही पाहावं लागतं

कधीकधी ज्याला उठवलं तो समाधानी असतो आणि ओरड शेजारून येते. ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झचा (१ गिगाहर्ट्झ म्हणजे १००० मेगाहर्ट्झ) पट्टा अमेरिकेत उपग्रहांकडे होता. त्यांना वरच्या भागात सरकवून २८० मेगाहर्ट्झ ५जीसाठी काढले. लवकर जागा सोडणाऱ्या उपग्रह कंपन्यांना ९.७ अब्ज डॉलरपर्यंत देऊ केले, आणि २०२१ मध्ये संपलेल्या लिलावात तब्बल ८१ अब्ज डॉलर जमले. पण ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झमध्ये विमानांचे रेडिओ अल्टिमीटर काम करतात. विमान जमिनीपासून किती उंच आहे हे ते मोजतात, आणि धुक्यात उतरताना वैमानिकाची भिस्त त्यांच्यावर असते. मध्ये २२० मेगाहर्ट्झचं अंतर होतं. तरीही जुन्या अल्टिमीटरचे फिल्टर इतके ढिले होते की पलीकडचा सिग्नल आत झिरपण्याची धास्ती होती. जानेवारी २०२२ मध्ये ५जी सुरू होण्याच्या तोंडावर काही आंतरराष्ट्रीय विमान कंपन्यांनी उड्डाणं रद्द केली. मोबाइल कंपन्यांनी विमानतळांजवळचे टॉवर काही काळ बंद ठेवले आणि पुढे विमानांत नवे फिल्टर बसवले गेले.

दोष कोणाचा? मोबाइलचा सिग्नल आपल्या हद्दीत होता. अल्टिमीटर मात्र आपल्या हद्दीपलीकडचंही ऐकत होते, कारण इतकी वर्षं पलीकडे शांतता होती. नियामक प्रक्षेपकांवर कडक मर्यादा घालतात. सिग्नल ऐकणाऱ्या यंत्राने किती चोखंदळ असावं याबद्दल मात्र बहुधा गप्प राहतात. माझ्या मते स्पेक्ट्रमच्या नियमनातली ही सर्वांत मोठी उणीव आहे. ढिला फिल्टर बसवून एकजण चार पैसे वाचवतो आणि त्यापायी शेजारचा पट्टा वर्षानुवर्षं अडकून पडतो.

जिथे उठवणं शक्यच नाही तिथे वाटून वापरण्याची वाट आहे. ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झमध्ये अमेरिकी नौदलाची रडार चालतात. ती ना सगळीकडे असतात, ना सतत. म्हणून तीन पायऱ्या केल्या: आधी नौदल, मग लिलावात हक्क घेतलेले, आणि शेवटी बाकी कोणीही. किनाऱ्यावरच्या संवेदकांना रडारची चाहूल लागली की संगणकप्रणाली त्या भागातल्या मोबाइल यंत्रांना वाहिनी बदलायला लावते. हे तंत्र चालतं हे आता सिद्ध झालं आहे. पण आपल्याला कधी बाजूला व्हावं लागेल याची खात्री नसलेल्या जागेवर मोठी गुंतवणूक करायला कंपन्या कचरतात, आणि त्यांची ती भीती रास्त आहे.

शेवटी राहतं ते जुनं मोबाइल नेटवर्क. २जी-३जी बंद करून त्यांची जागा ४जी-५जीला देणं हे सगळ्यांत सोपं स्थलांतर, असं वाटतं: कंपनी तीच, परवाना तोच. पण जुन्या नेटवर्कवर साधे फोन वापरणारे वयस्क लोक असतात, लिफ्टमधली आपत्कालीन बटणं असतात, वीजमीटर आणि गाड्यांतली अपघाताची खबर देणारी यंत्रं असतात. युरोपात २०१८ पासून नव्या मॉडेलच्या गाड्यांना असं यंत्र सक्तीचं झालं, आणि ते २जी-३जीवरच बेतलेलं होतं. गाडी पंधरा-वीस वर्षं चालते. नेटवर्क तितकं थांबत नाही.

ऑस्ट्रेलियाने ३जी बंद करायला घेतलं तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. काही फोन ४जीवर रोजचं बोलणं व्यवस्थित करत, पण ०००, म्हणजे तिथला आपत्कालीन क्रमांक, फिरवला की आतली प्रणाली तो कॉल ३जीवर न्यायची. वापरणाऱ्याला याचा पत्ता लागण्याचा काही मार्गच नव्हता, कारण बाकी सगळं ठीक चालत होतं. दोन मोठ्या कंपन्यांनी ठरलेली तारीख पुढे ढकलून ऑक्टोबर २०२४ अखेर नेली. फोन तपासण्यासाठी ग्राहकांना एक क्रमांक दिला गेला. आणि जे फोन आपत्कालीन कॉल करू शकत नाहीत त्यांना नेटवर्कवर घेऊच नका, असा नियम सरकारने केला. म्हणजे मालकाच्या दृष्टीने धडधाकट असलेला फोन मुद्दाम बंद पाडायचा, जेणेकरून ज्या दिवशी रुग्णवाहिका बोलवायची वेळ येईल त्याच्या आधीच त्याला कळावं.